दिल्लीचे बंदर

१९८३ साली संसदेने त्या वर्षीच्या वित्त कायद्यातून सीमाशुल्क कायद्यात एक लहानशी भर घातली. १९६२ च्या मूळ कायद्याचे सातवे कलम परदेशी मालाची चढउतार कुठे करता येईल ते सांगत होते: सरकारने नेमलेली बंदरे, सरकारने नेमलेले विमानतळ. या यादीत आता ‘अंतर्देशीय कंटेनर डेपो’ हे आणखी एक ठिकाण आले आणि बंदराच्या व्याख्येतही त्याचा समावेश झाला. तेव्हापासून समुद्रापासून हजार मैल दूर असलेली जागाही कायद्याच्या नजरेत बंदर ठरू शकते. त्याच साली दिल्लीत प्रगती मैदानाच्या रेल्वे सायडिंगवर असा डेपो सुरू झाला. भारतातला असा पहिला डेपो त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९८१ मध्ये, बंगळुरूला निघाला होता.

दिल्लीला बंदर मिळाल्याचा हा इतिहास बहुतेक वेळा रेल्वे आणि व्यापार यांच्या अंगाने सांगितला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात घडला आहे. तो वगळून ही गोष्ट सांगणे मला अपुरे आणि अन्यायाचेही वाटते.

आधीची परिस्थिती कशी होती? मुरादाबादची पितळी भांडी, आग्र्याचे जोडे, पानिपतच्या सतरंज्या, भदोहीचे गालिचे हा सारा उत्तरेचा माल मुंबईच्या गोदीतून बाहेर जाई. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ चा. निर्यातदार लाकडी पेट्या ठोकून, गोणपाटात शिवून माल रेल्वेच्या मालधक्क्यावर आणी. वाघिणीत भरलेला माल मुंबईला पोचला की तिथे तो उतरायचा, गोदामात पडायचा, पुन्हा उचलायचा, सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यापुढे पेटी फोडायची, पुन्हा खिळे ठोकायचे आणि मग याऱ्यांनी तो जहाजाच्या पोटात जायचा. हात जितके जास्त, तितकी मोडतोड आणि चोरी जास्त. मुरादाबादच्या कारखानदाराला हे सारे डोळ्यांनी दिसत नसे. मुंबईतला क्लिअरिंग एजंट कळवील तेवढेच त्याला ठाऊक. माल जहाजावर चढल्याचा कागद हाती आल्याशिवाय बँक पैसे देत नसे, आणि तो कागद मुंबईत तयार होई. दिल्लीचा व्यापारी निर्यात करी, पण निर्यातीवर ताबा मुंबईचा असे.

हे बदलले ते एका लोखंडी खोक्यामुळे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने ‘आयडियल एक्स’ नावाच्या जहाजावर ५८ खोकी चढवून ती न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवली. ट्रक, रेल्वे आणि जहाज या तिन्हींवर बसेल असे एकच खोके वापरायचे, वाटेत ते उघडायचेच नाही, इतकी साधी त्याची कल्पना होती. पुढे खोक्यांची मापे जगभर एक झाली, वीस फूट आणि चाळीस फूट. भारतीय रेल्वेने १९६६ मध्ये देशांतर्गत मालासाठी स्वतःची खोकी वापरून पाहिली, मात्र ती जहाजाच्या मापाची नव्हती. जहाजाचा कंटेनर भारतात आला तो १९७३ च्या नोव्हेंबरात, कोचीच्या धक्क्यावर.

खोके वाटेत उघडायचे नसेल, तर सीमाशुल्काची तपासणी ते भरतानाच, जिथे भरले तिथेच व्हायला हवी. १९८३ च्या दुरुस्तीमागचे हे कारण. बंदर दिल्लीत आणायचे म्हणजे समुद्र आणायचा नव्हता. सीमाशुल्काचा अधिकारी, त्याचा शिक्का, जहाज कंपनीचा प्रतिनिधी आणि बँकेला चालेल असा कागद हे सगळे दिल्लीत आणायचे होते.

प्रगती मैदानाची जागा लवकरच अपुरी पडली. शहराच्या मध्यावर, प्रदर्शनांच्या शेजारी मालगाड्यांचे काम चालणे अवघडच होते. त्यातच रेल्वेचे स्वतःचे व्याप मोठे. कंटेनर हे तिथे सावत्र मूल. म्हणून मार्च १९८८ मध्ये रेल्वेने ‘कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’, व्यवहारातली ‘कॉन्कॉर’, ही वेगळी कंपनी काढली. तेव्हा रेल्वे खाते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांकडे होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये दिल्ली, लुधियाना, बंगळुरू, कोइमतूर, गुवाहाटीजवळचे आमिनगाव असे सात डेपो रेल्वेकडून घेऊन कंपनीने कामाला सुरुवात केली.

त्याच वर्षी, २६ मे १९८९ रोजी, मुंबईच्या खाडीपलीकडे न्हावा शेवा इथले जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मुंबईच्या जुन्या गोदीवरचा भार हलका व्हावा म्हणून ते बांधले. पण उत्तर हिंदुस्थानाच्या दृष्टीने ते आणखी काही होते: दिल्लीच्या कोरड्या बंदराचे दुसरे टोक, ओले टोक. एका टोकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नव्हता.

आता या ओल्या टोकाकडे नीट पाहायला हवे.

न्हावा आणि शेवा ही उरणची गावे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा हा आगरी-कोळ्यांचा मुलूख. १९७० च्या दशकात नवी मुंबईसाठी आणि पुढे बंदरासाठी जमिनी संपादन होऊ लागल्या. मोबदला किती, पुढच्या पिढ्यांनी जगायचे कशावर, या प्रश्नांवर शेतकरी उठले. नेते होते शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील. ते याच तालुक्यातल्या जासईचे, १९२६ चा जन्म. १६ जानेवारी १९८४ ला जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर परिसरात पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. दोन दिवसांत धुतूम आणि पागोटे गावांचे पाच जण मारले गेले. संपादन झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून आले. १९९० मध्ये राज्य सरकारने नवी मुंबईसाठी ते मान्य केले आणि पुढे देशभरच्या भूसंपादनाच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. हक्काची जमीन मागायला पाच माणसांचे प्राण जावे लागले, ही गोष्ट उरणमध्ये अजून कोणी विसरलेले नाही. दर जानेवारीत तिथे हुतात्म्यांना अभिवादन होते.

दिल्लीहून येणारी कंटेनरची गाडी पनवेलहून वळते आणि जासईवरून बंदरात शिरते. दि. बां.च्या गावच्या रुळांवरूनच उत्तरेची निर्यात समुद्राला मिळते.

शेवा कोळीवाड्याचे दुःख आणखी वेगळे. बंदरासाठी तो गावच उठला. तिथली कुटुंबे हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. नव्या जागेत वाळवीने घरे पोखरली, आणि ज्या खाडीवर पोट चालत होते तिच्यात आता जहाजांचा मार्ग होता. पुनर्वसन पुरे करून मिळावे म्हणून या लोकांनी चार दशकांच्या आसपास अर्ज, उपोषणे, मोर्चे केले, होड्या घालून जहाजांचा मार्ग अडवण्यापर्यंत गेले. माझ्या मते दिल्लीच्या निर्यातीच्या खर्चात ही किंमत कधी धरलीच गेली नाही.

दरम्यान दिल्लीत काळ वेगाने पालटला. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाची गंगाजळी आटली, देशाचे सोने विमानाने लंडनला गहाण गेले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. पाठोपाठ नवे व्यापार धोरण आले. निर्यात वाढवणे ही आता देशाची निकड होती. ओखल्यातले, नोएडातले, गुडगावच्या उद्योग विहारमधले कपड्यांचे कारखाने, हरियाणाचा बासमती, पानिपतची चादर या सगळ्यांना बाहेर काढायला प्रगती मैदानाचा डेपो पुरणारा नव्हता. १९९३ मध्ये दक्षिण दिल्लीत तुघलकाबादला मोठा डेपो सुरू झाला. महाराष्ट्राला तुघलकांची आठवण दौलताबादेमुळे आहे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानीच दिल्लीहून देवगिरीला हलवली होती. त्याच्या बापाने वसवलेल्या तुघलकाबादेच्या शेजारून आता रोज महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे गाड्या सुटू लागल्या.

त्याच १९९३ साली संसदेने बहुविध मालवाहतुकीचा कायदा केला. दिसायला रुक्ष, पण निर्यातदाराच्या दृष्टीने हा कायदा फार मोलाचा. रस्ता, रेल्वे आणि समुद्र मिळून सगळ्या प्रवासाची जबाबदारी एकाच वाहतूकदाराने घ्यायची आणि दिल्लीतच एकच कागद द्यायचा, अशी सोय त्याने कायदेशीर केली. असे वाहतूकदार नोंदवण्याचे काम मुंबईच्या नौवहन महासंचालकांकडे आले.

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते? पितळी दिव्यांचा मुरादाबादचा एक कारखानदार समजू. गिऱ्हाईक हॅम्बुर्गचे. कारखानदार थेट जहाज कंपनीकडे किंवा आपल्या वतीने काम करणाऱ्या फॉरवर्डरकडून जागा बुक करतो. रिकामा कंटेनर डेपोतून कारखान्यात येतो, तिथेच माल भरला जातो, दाराला सील ठोकले जाते. २०१७ पासून हे सील रेडिओ लहरींनी वाचता येणारे असते. त्याआधी कारखान्यात भरलेल्या खोक्याला सरकारी अधिकाऱ्यासमोर सील लागे. एकीकडे ‘शिपिंग बिल’ संगणकावरून सीमाशुल्क खात्याकडे जाते. ही संगणकीय व्यवस्था देशात प्रथम १९९५ मध्ये दिल्लीच्याच सीमाशुल्क कार्यालयात प्रायोगिक तत्त्वावर आली होती. जुलै २०१६ पासून भरलेल्या खोक्याचे खरे वजन कळवणेही बंधनकारक आहे; खोटी वजने लिहिली की समुद्रात जहाजाचा तोल जातो, हा धडा जगाने अपघातांतून शिकला. ट्रक तुघलकाबादला किंवा ग्रेटर नोएडाजवळच्या दादरीला पोचतो. अधिकाऱ्याला शंका आली तर खोके उघडते, नाहीतर कायद्याच्या ५१ व्या कलमाखाली ‘लेट एक्स्पोर्ट’चा हुकूम निघतो. इथे भारत सरकारच्या लेखी माल निर्यातीला मोकळा झाला, समुद्र अजून कुठेच दिसत नसताना!

मग रेक. ४५ वाघिणी, प्रत्येकीवर वीस फुटी दोन, म्हणजे एका गाडीत नव्वद खोकी. बंदरात गाडी लागते, क्रेन खोके उचलते, जहाजावर ठेवते. बंदरात कोणी ते फोडत नाही. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही. खोके पुढच्या फेरीला जाते, आणि गिऱ्हाइकाचा नाताळचा हंगाम हुकला तर दिवे कारखानदाराच्याच गळ्यात पडतात. ज्याचा माल पूर्ण खोके भरेल इतका नसतो, त्याला इतरांच्या मालासोबत भागीत जावे लागते. छोट्या निर्यातदारांचे बहुतेक हाल इथेच होतात: एका भागीदाराच्या कागदात खोट निघाली की सगळ्यांचा माल अडतो.

सौद्याच्या अटींतही याचे पडसाद उमटले. जुन्या ‘एफओबी’ अटीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. म्हणजे दिल्लीत खोके सोपवून झाले तरी दीड हजार किलोमीटरची जोखीम आपलीच. कंटेनरसाठी ‘फ्री कॅरियर’ ही अट आंतरराष्ट्रीय नियमांत १९८० मध्येच आली होती. तिच्यात वाहतूकदाराच्या ताब्यात दिले की विकणारा मोकळा. तरी आजही उत्तरेतले अनेक निर्यातदार सवयीने एफओबीच लिहितात आणि वाटेतले नुकसान अंगावर घेतात. त्यांनी ही सवय सोडावी असे मला मनापासून वाटते.

२००० नंतर महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड झाली. गुजरातचे मुंद्रा बंदर १९९८ मध्ये सुरू झाले होते, तिथे कंटेनरची सोय २००३ मध्ये आली. मार्च २००६ मध्ये पिपावाव ते जयपूरजवळचे कनकपुरा अशी खोक्यावर खोके ठेवलेली दुमजली गाडी धावली. एका इंजिनाने दुप्पट माल! राजस्थान-गुजरातच्या त्या मार्गावर तेव्हा विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून दुमजली गाडीला वाट मिळाली. दिल्ली-मुंबई मार्गावर तारा केव्हाच्या होत्या आणि त्यांची उंची एकमजली गाडीपुरतीच होती. शिवाय वसई-दिवा-पनवेल या पट्ट्यात मालगाडीला लोकलच्या गर्दीतून वाट काढावी लागते. जो मार्ग आधी आधुनिक झाला, तोच मागे पडला. न्हावा शेव्याचे मोठेपण त्याने संपले नाही, पण उत्तरेचा माल आता एकट्या उरणकडे वळत नव्हता.

त्यावर उतारा म्हणून समर्पित मालवाहू मार्ग आला. २००६ च्या ऑक्टोबरात त्यासाठी वेगळी कंपनी निघाली. दादरी ते न्हावा शेवा, सुमारे १५०० किलोमीटर, जपानच्या कर्जातून, दुमजली गाडी तारांखालून जाईल इतक्या उंच तारा. ७ जानेवारी २०२१ ला रेवाडी ते मदार हा ३०६ किलोमीटरचा तुकडा खुला झाला आणि दीड किलोमीटर लांबीची दुमजली गाडी धावली. वैतरणा ते न्हावा शेवा हा जेमतेम शंभर किलोमीटरचा महाराष्ट्रातला तुकडा मात्र सगळ्यांत मागे राहिला. जिथून मार्ग समुद्राला भिडणार, तेच टोक शेवटी. याची कारणमीमांसा महाराष्ट्रात जितकी व्हायला हवी होती तितकी झालेली नाही.

दिल्लीलाही या बंदराची किंमत द्यावी लागली. तुघलकाबादेच्या आसपास वस्ती दाटली, ट्रकांच्या रांगा लागल्या, धूर वाढला. ६ मे २०१७ च्या सकाळी डेपोतल्या एका खोक्यातून रसायन गळले आणि शेजारच्या सरकारी शाळेतल्या शेकडो मुलींना रुग्णालयात न्यावे लागले. माल चीनहून आलेला होता, हरियाणात जायचा होता. मुलींचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. २०१८ मध्ये पूर्व आणि पश्चिम दोन्ही बाजूंचे परिघीय द्रुतगती मार्ग खुले झाले आणि दिल्लीत काम नसलेले ट्रक बाहेरून जाऊ लागले, पण तुघलकाबादला येणाऱ्यांना यावेच लागे. प्रकरण हरित लवादापुढे गेले. डिझेलचे ट्रक दादरी, रेवाडी, बल्लभगड अशा बाहेरच्या डेपोंकडे वळवावेत, असा पर्याय लवादाने सुचवला.

११ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक ठाण्याचे. प्रदूषणमुक्त वातावरणाचा हक्क जणू दिल्ली परिसरातल्या लोकांनाच आहे आणि इतरांना नाही, अशा थाटाचा तो विचार असल्याचे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले. संविधानाचे २१ वे कलम रेवाडीच्या माणसालाही तितकेच लागू आहे. जड डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बदलण्याचे धोरण आखा, असे सरकारला बजावले गेले.

मला हा निकाल या चाळीस वर्षांच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. १९८३ ची दुरुस्ती, १९९३ चा कायदा, सगळे कागद माल पुढे कसा सरकेल ते सांगतात. त्या मालाचे ओझे वाटेतल्या कोणावर टाकता येणार नाही, हे या कागदाने सांगितले. कोविडनंतर खोक्यांचा तुटवडा झाला, मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकले, २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. दिल्लीच्या निर्यातदाराने या प्रत्येक वेळी भाड्याचा आणि दिवसांचा हिशेब मांडला, सरकारनेही मांडला. उरणचा हिशेब मात्र कुणी इतक्या तातडीने मांडला नाही.

रेवाडीच्या माणसाला जे न्यायालयाने दिले, ते शेव्याच्या माणसाला १९८४ मध्ये मिळाले नव्हते. बंदरासाठी जमीन देणाऱ्यांपैकी काहींच्या हाती साडेबारा टक्क्यांची पत्रे १६ ऑगस्ट २०१४ ला, पंतप्रधानांच्या न्हावा शेवा भेटीत पडली. बंदर सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षे झाली होती. मालवाहू मार्गाचे शेवटचे शंभर किलोमीटर जुळून दिल्लीचा माल अधिक वेगाने उरणला येईल, तेव्हा त्या वेगाचा नफा मोजण्याआधी राज्य आणि केंद्र सरकारने साडेबारा टक्क्यांचा शेवटचा भूखंड आणि हनुमान कोळीवाड्यातले शेवटचे घर ज्याच्या त्याच्या हाती द्यावे.